सिंह आत येत नाही

"काकू, तो तुमच्याकडेच बघतोय," नवा म्हणाला.

"बघतोय कसला? तूच म्हणालास ना, त्याला दिसत नाही."

"दिसत नाहीच. पण बघतोय."

मी कठडा धरून उभी होते. समोर कोरडा खंदक, त्याच्या पलीकडे सिमेंटचा चौथरा, आणि चौथऱ्यावर तो. इतका म्हातारा सिंह मी कधी पाहिला नव्हता. तरुण सिंहसुद्धा मी एखाददुसराच पाहिला असेल. नवरा जन्मभर सिंहाकडे कामाला, पण मी ह्या प्राणिसंग्रहालयात पाय ठेवला नव्हता. त्याची आयाळ जुन्या गादीतल्या कापसासारखी पिंजारलेली होती आणि कातडीखालून कमरेची हाडं वर आली होती. डोळ्यांवर दुधाची साय धरावी तसा पांढरा पडदा. ते दोन पांढरे डोळे खरंच माझ्या दिशेने लागले होते. मी दोन पावलं डावीकडे सरकले. डोळेही सरकले.

शेजारी एक जोडपं उभं होतं.

"अहो, हा खरा आहे की पुतळा?"

"श्वास घेतोय की."

"घेतोय ते ठीक. सोडतोय का बघा."

दोघं हसत माकडांकडे निघून गेली. सिंहाने त्यांच्याकडे मान वळवली नाही.

नव्याबद्दल सांगायला हवं. तो काही नवा नाही, दाढी पांढरी व्हायला लागली आहे त्याची. आमच्या ह्यांच्या हाताखाली तो लागला तेव्हा नवा होता, म्हणून त्यांनी त्याला 'नवा' म्हटलं, आणि मग सगळ्यांनीच. हे गेले तेव्हा घरी भेटायला आला होता. दारात उभं राहून म्हणाला, "काकू, मी नवा." मला वाटलं, घर चुकलाय.

आज दुपारी तो पुन्हा आला तेव्हा मी शिवणयंत्रावर बसले होते. शाळेच्या गणवेशांचं काम मी अजून थोडं थोडं घेते. डोळे साथ देत नाहीत, पण हाताला वळण आहे. तो उभ्या उभ्याच बोलला. सिंह आत येत नाही. हे गेल्यापासूनच येत नव्हता, पण तेव्हा पोटातली भूक त्याला आत ओढून आणायची. आता भूकही मेली. त्याची मूत्रपिंडं गेली आहेत, मागचे पाय ओढत चालतो, रात्रभर उघड्यावर कण्हत पडतो.

"डॉक्टरबाई म्हणतात, आता त्याला मोकळं करायचं. आत आला की जाळीतून एक सुई, बस्स. आपल्या पेंढ्यावर, आपल्या भिंतीला टेकून झोपून जाईल."

"आणि नाही आला तर?"

"तर उद्या सकाळी बंदुकीने लांबून सुई मारायची. बाईंच्याही जिवावर आलंय. काकू, त्या पायांनी तो पळेल हो. कुठून काय लागलं ते दिसणार नाही, खंदकात पडेल. वीस वर्षं सांभाळलेलं जनावर, घाबरून जायला नको." आणि मग त्याने मुद्द्याचं विचारलं. "काका त्याला काय म्हणून हाक मारायचे, तेवढं सांगा."

"मला काय ठाऊक?"

"एवढ्या वर्षांचा संसार तुमचा..."

"बाबा रे, मलाच हाक मारायचे वर्षाकाठी दोनदा. सिंहाचं कुठून ठाऊक असणार?"

खोटं नव्हतं ते. आमच्या गल्लीत ह्यांना 'मुका' म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. सकाळी जायचे, काळोख पडल्यावर यायचे, अंग घासून घासून धुवायचे, जेवायचे, झोपायचे. "मीठ कमी आहे का?" विचारलं तर मान हलायची, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते आपण ओळखायचं. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी बाहेर पडत. मला वाटायचं, कुठल्या तरी बाकावर बसत असतील आपल्यासारख्याच चार मुक्यांबरोबर. ते सिंहाला आत घ्यायला इथे येत होते, हे मला आज नव्याकडून कळलं.

मी यंत्रावर कापड झाकलं आणि त्याच्याबरोबर निघाले.

आता कठड्यापासून तो मला मागच्या बाजूने आत घेऊन गेला. एक अरुंद बोळ, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला जाळ्या. ओल्या सिमेंटचा वास, आणि त्याच्याखाली दुसरा एक. तो मी लगेच ओळखला. ह्यांच्या शर्टांना तो इतका मुरलेला होता की मी त्याला नवऱ्याचाच वास समजत आले होते.

बोळात पाऊल टाकल्याबरोबर नवा मोठ्याने बडबडायला लागला. "चला, आलो आम्ही, हे पहिलं कुलूप, हे काढलं, बरोबर काकू आहेत, घाबरायचं काम नाही, आता दुसरं कुलूप..."

"कुणाशी बोलतोस?"

"त्याच्याशी. इथे गप्प राहायचं नाही, काकू. काकांचीच शिकवण. माणूस कुठे आहे ते जनावराला सारखं कळत राहिलं पाहिजे. गप्प माणूस अचानक समोर आला की ते बिथरतं. म्हणून पहिल्या कुलपापासून शेवटच्या कुलपापर्यंत तोंड चालू ठेवायचं. मी आपला कुलपं मोजतो. आधीचा एक जण शिव्या द्यायचा. काका मात्र..." तो हसला. "इथे त्यांना सगळे रेडिओ म्हणायचे."

"कुणाला?"

"काकांना. रेडिओकाका. लागला की बंद व्हायचा नाही."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. "काय बोलायचे एवढं?"

"घरचंच. तुमच्या यंत्राचा पट्टा तुटला, धाकटीला मुलगी झाली, तुम्ही जिन्यावरून पडलात तेव्हा डॉक्टर काय म्हणाला. तुम्ही लोणी काढताना गुणगुणता, पण कुणी आलं की थांबता, तेसुद्धा. सगळं ऐकलंय मी. तो तर जाळीला कान लावून ऐकायचा."

"म्हणजे मला सवत होती म्हणायची," मी म्हटलं, "आणि तीही आयाळवाली."

नवा खदखदून हसला. मी हसले नाही. माझ्या वाट्याचे सगळे शब्द त्या बोळात सांडलेले होते. भिंतीला हात लावला तर ओल हाताला लागली, आणि ती नुसत्या पाण्याची आहे असं काही वाटेना.

बोळाच्या टोकाला सिंहाची आतली खोली होती. ताजा पेंढा पसरला होता. पलीकडच्या भिंतीत आवारात उघडणारं लोखंडी दार. ते वर उचलायचं असतं, बोळातल्या एका दांड्याने, तारेवर. दार वर उचललेलंच होतं. त्या चौकोनातून आवार दिसत होतं, आणि आवारात तो. मघाशी कठड्याकडे तोंड करून बसलेला सिंह आता पाठ फिरवून ह्या दाराकडे वळून बसला होता. आम्ही बोळातून चाललो तसा तो भिंतीआडून आमच्याबरोबर वळत आला असणार.

डॉक्टरबाई पलीकडच्या खाद्याच्या खोलीत बसल्या होत्या. माझ्या धाकटीपेक्षाही लहान असतील. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

"आजी, त्रास दिला तुम्हाला. त्याने आत यावं एवढंच हवंय. मी इथून हलणार नाही. माझा वास आला की तो येत नाही, सुईचा वास ओळखतो."

मग आम्ही सगळं करून पाहिलं. नव्याने पाटीवरचं नाव पुकारलं, काहीतरी भारदस्त, राजाबिजाला शोभेलसं. सिंहाने कानही हलवला नाही. त्याने बादली वाजवली. मांसाचा तुकडा दारात टाकला. मला म्हणाला, "तुम्ही काही बोलून बघा, तुमचं सगळं त्याला ठाऊक आहे." मी काय बोलणार? मी म्हटलं, "यंत्राचा पट्टा नवा घातलाय रे." त्याचा एक कान माझ्याकडे वळला. नव्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "धाकटीची पोर आता कॉलेजात जाते." दुसरा कान वळला. आमच्या घरातला एक माणूस तिथे बसला होता आणि मी त्याला आज पहिल्यांदा भेटत होते.

पण उठला नाही तो. बाहेर उजेड पिवळा पडला, मग राखाडी. प्राणिसंग्रहालय बंद झाल्याची घंटा झाली. पक्ष्यांच्या पिंजऱ्यांतला कलकलाट एकाएकी थांबला.

"ह्याच वेळी आणायचे काका," नवा हळू आवाजात म्हणाला. "आम्हाला लांब घालवायचे. 'तू जा, मी घेतो त्याला.' मी कधी जवळून ऐकलं नाही. एकदा वारा इकडचा होता, तेव्हा कानावर आलं. काकू, जनावराला बोलावतात तसं ते नव्हतंच."

"मग कसं होतं?"

"खेळायला गेलेलं पोर घरी येत नाही ना, तेव्हा आपण कसं बोलावतो. 'ये रे, अंधार पडला, चल घरात.' तसं. मध्ये एक नाव होतं. पाटीवरचं नाही. छोटंसं कायतरी."

मी जाळीला धरलं. नव्याला वाटलं मला चक्कर आली. त्याने स्टूल पुढे केलं, मी बसले नाही.

आम्हाला धाकटीच्या आधी एक मुलगा होता. सहा वर्षांचा झाला आणि तिथेच थांबला. जेवताना, चित्र काढताना, चपला घालताना तो एकसारखा घशात गुणगुणायचा, गाणं नाही, नुसता एक सूर. म्हणून ह्यांनी त्याचं नाव पाडलं भुंग्या. शाळेतलं नाव वेगळं होतं. एका संध्याकाळी तो खेळायला गेला आणि हाक मारल्यावर आला नाही. मी दारातून मारली, मग हे उठले. ते गल्लीत हाका मारत गेले, गल्लीतून मैदानात, मैदानातून खाणीकडे. मी तान्ह्या धाकटीला घेऊन दारात उभी होते आणि त्यांचा आवाज लांब लांब जाताना ऐकत होते. 'भुंग्या, ये रे, अंधार पडला.' खाणीत पाणी साचलेलं असतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. सकाळी सापडला.

त्यानंतर ते नाव ह्यांनी घरात कधी घेतलं नाही. एकदा जेवताना मी घेतलं, तर ताटावरून उठून गेले. मी पुन्हा घेतलं नाही. धाकटीला भाऊ होता हे ठाऊक आहे, पण त्याला काय म्हणत ते ठाऊक नाही. मी रात्र रात्र ह्यांच्या पाठीकडे बघत काढली आहे, ह्याला आठवत तरी असेल का, म्हणून. इतकं कसं कुणी पुसून टाकतं? दवाखान्यात शेवटचे दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते ती त्या एका नावासाठी. एकदा घ्या, मग जा. ते नुसते विचारत राहिले, "संध्याकाळ झाली का? संध्याकाळ झाली का?" मी सांगायची, अजून आहे वेळ. ते गेले, आणि मी रडले ती रागाने.

आता मी त्या जाळीपाशी उभी होते आणि मला भीती वाटत होती. मी हाक मारली आणि तो आला नाही, तर माझं सगळं आयुष्य होतं तसंच राहील. दगडाशी संसार केला म्हणेन आणि घरी जाईन. पण आला तर? तर तो माणूस रोज संध्याकाळी इथे... आणि मी तिकडे त्यांच्या पाठीकडे बघत... आणि शिवाय आला तर मरायला येणार. त्या नावाने हाक मारून मीच त्याला आणणार.

"काकू," नवा म्हणाला, "राहू दे. नसेल होत तर राहू दे."

बाहेर सिंह कण्हला. लांबलचक, माणसासारखं.

मी तोंड उघडलं तर आवाज येईना. इतकी वर्षं न उच्चारलेला शब्द. पहिल्यांदा नुसता वारा आला. मग आला.

"भुंग्या."

बाहेर काहीतरी थांबलं. कण्हणं थांबलं.

"भुंग्या, ये रे. अंधार पडला. चल घरात."

तो उठला. आधी पुढचे पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग मागचे. त्या अर्धवट उजेडात त्याचं अंग दिसेनासं झालं होतं, फक्त दोन पांढरे डोळे हेलकावत जवळ येत होते. तो कशालाही अडखळला नाही. मांसाचा तुकडा ओलांडून आला, हुंगलाही नाही. दाराच्या चौकटीला खांदा घासत आत आला, आणि आत येता येता त्याच्या घशातून एक आवाज निघायला लागला. गुरगुरणं नव्हे. एकच सूर, खालचा, न थांबणारा.

"हा आवाज!" नवा कुजबुजला. "काका गेल्यापासून ऐकला नव्हता."

लहान असतानाही हा सिंह असाच आवाज काढत असेल. म्हणून ठेवलं असेल ते नाव. नुसतं तेवढंच असेलही. मी ह्यांना विचारू शकत नाही.

सिंह जाळीपाशी आला आणि त्याने आपलं प्रचंड कपाळ माझ्यासमोर जाळीला टेकवलं. त्याचा श्वास माझ्या पोटावर येत होता, ऊन आणि आजारी. मी दोन बोटं जाळीतून घालून त्याच्या कपाळाला लावली. नव्याने अडवलं नाही. आई पोराला म्हणते तेच माझ्या तोंडून निघालं, "केवढा उशीर केलास रे!"

मग तो वळला आणि भिंतीशी, पेंढ्यावर आडवा झाला. नवा दांड्याकडे गेला. हात दांड्यावर ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"पाड की दार," मी म्हटलं. "पुन्हा बाहेर जायचा."

"काकू, एक सांगू? काका दार लगेच पाडायचे नाहीत. तो आत आला तरी बराच वेळ उघडं ठेवायचे. नियमात बसत नाही ते. मी एकदा येऊन दांड्याला हात घातला तर माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, 'थांब. येऊ दे.' मी म्हटलं, आलाय की तो. तर नुसते दाराकडे बघत राहिले."

"मग?"

"मग स्वतःच म्हणाले, 'हं, पाड आता.' रोज असंच. कोण यायचं राहिलंय, ते मी कधी विचारलं नाही."

त्याने दांडा ओढला नाही. आम्ही दोघं त्या उघड्या चौकोनाकडे बघत उभे होतो. बाहेर आता काही दिसत नव्हतं. चौथरा नाही, खंदक नाही. वारा नव्हता. दारापाशी पडलेल्या पेंढ्याच्या काड्या जराशा हलल्या, आणि पुन्हा स्थिर झाल्या.

सिंहाने मान उचलली. त्याचा आवाज बंद झाला. ते पांढरे डोळे दारावर गेले, पण तिथे थांबले नाहीत. दारापासून हळूहळू खोलीच्या मध्यापर्यंत, मग मध्यापासून भिंतीपर्यंत, असे ते सरकत आले, माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून. सावकाश. कुणी दमून आलेलं असावं इतक्या सावकाश. मी नव्याकडे पाहिलं. तोही तेच बघत होता, आणि त्याचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा त्या बोळात बंद होतं.

मग त्या म्हाताऱ्या जनावराने कण्हत, मागचे पाय ओढत, स्वतःला भिंतीपासून थोडं पुढे सरकवलं. मधे जागा झाली. फार नाही. कुशीत घेतलेलं पोर मावेल एवढी. मान खाली ठेवली आणि पुन्हा तो सूर धरला.

"हं," मी म्हटलं, "पाड आता."

दार खाली आलं. तारेचा आवाज बोळभर घुमला आणि थांबला. त्या आवाजाने डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीतून बाहेर आल्या, हातात पेटी, पायांत रबरी बूट. जाळीजवळ येण्याआधी नियमाप्रमाणे विचारायचं असतं, तसं त्यांनी विचारलं, "एकटाच आहे ना आत?"

नव्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाई," मी म्हटलं, "जरा हळू बोला."